पांढरी पडणारी बोटे : हातयंत्रे, कंपन आणि मोजण्याचा इतिहास

भिंतीत खिळा बसवायचा असतो, पडद्याची दांडी लावायची असते. तुम्ही बॅटरीवर चालणारे ड्रिल काढता, आणि त्यासोबत आलेली पुस्तिका खोक्यातच राहते. ती एकदा उघडून पाहा. आवाजाच्या आकड्यांखाली बहुधा आणखी एक आकडा छापलेला सापडेल : हाताला बसणारे कंपन, इतके इतके मीटर प्रति सेकंद वर्ग. हे एकक शाळेत त्वरणाच्या धड्यात भेटले होते. ते ड्रिलच्या पुस्तिकेत कसे आले, हा या टिपणाचा विषय आहे. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात थोडे आहे, बरेचसे कामगारांच्या इतिहासात आहे.

बेडफर्डचे पाथरवट

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात बेडफर्ड नावाचे गाव आहे. तिथला चुनखडीचा दगड प्रसिद्ध. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीला इंडियानाचाच दगड लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या दगडकामात हवेवर चालणारा हातोडा आला. पूर्वी पाथरवट एका हातात छिन्नी धरून दुसऱ्या हाताने मोगरी मारी. आता उजव्या हातातले यंत्र मिनिटाला तीन हजारांहून अधिक ठोके देऊ लागले आणि डाव्या हातात छिन्नी तशीच राहिली. काम झपाट्याने होऊ लागले. थोड्याच वर्षांत पाथरवट एक विचित्र तक्रार सांगू लागले. थंडीच्या सकाळी कामावर येताना बोटे पांढरीफटक पडतात, त्यांत जीव राहत नाही, सुई टोचली तरी कळत नाही. चोळून चोळून रक्त परत आले की आग होते.

हा प्रकार वैद्यकाला अगदीच नवा नव्हता. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली पॅरिसमधील आपल्या प्रबंधात थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसण्याचे वर्णन केले होते. लोरिगा या इटालियन डॉक्टरने १९११ साली हवेची यंत्रे वापरणाऱ्या खाणकामगारांत हीच लक्षणे नोंदवली होती. पण बेडफर्डला १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन आल्या, आणि त्यांनी एक साधी पण निर्णायक गोष्ट केली. त्यांनी माणसे मोजली. एकेकाला भेटून त्याची बोटे पाहिली, कुठले बोट कुठपर्यंत पांढरे होते ते लिहून घेतले. तपासलेल्यांपैकी बहुतेकांना हा त्रास होता. डावा हात, म्हणजे छिन्नी धरणारा हात, उजव्यापेक्षा जास्त बिघडलेला होता. दोष नुसता थंडीचा असता तर दोन्ही हात सारखेच पांढरे पडले असते. थंडी, घट्ट पकड आणि कंपन या तिघांचा मेळ त्यांनी ओळखला. अहवाल अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याने त्याच वर्षी छापला. पुढल्याच वर्षी, १९१९ साली, हॅमिल्टन हार्वर्ड विद्यापीठात नेमल्या गेलेल्या पहिल्या स्त्री अध्यापक झाल्या.

शोध लागला, कारण कळले, अहवाल सरकारी खात्याने छापला. आता सुधारणा झाली असणार, असे तुम्हाला वाटेल. साठ वर्षांनी, १९७८ साली, संशोधकांची दुसरी तुकडी बेडफर्डला गेली. हातोडा जवळजवळ तोच होता. बोटेही तशीच पांढरी पडत होती, आणि पुन्हा बहुतेकांची.

ठाऊक असणे आणि मान्य करणे

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट कचेऱ्यांतून आणि समित्यांतून घडली. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या अधिकृत यादीत 'कंपनाने पांढरी पडणारी बोटे' घालावीत का, हा प्रश्न सल्लागार मंडळापुढे १९५४, १९७० आणि १९७५ साली आला. तिन्ही वेळा नकार मिळाला. कारणे वाचली की आश्चर्य वाटते. हा त्रास फार गंभीर नाही, म्हणे; शिवाय रेनॉने सांगितलेला जन्मजात त्रास आणि कामाने झालेला त्रास यांत फरक करणे अवघड. ज्याला शर्टाची बटणे लावता येत नाहीत, खिशातले नाणे बोटांनी चाचपता येत नाही, त्याला हा त्रास गंभीर नाही असे सांगायला धाडसच लागते. १९८१ साली मंडळाचे मत बदलले आणि १९८५ साली आजार यादीत आला. पुढे कोळसा खाणींतल्या कामगारांनी न्यायालयात दाद मागितली. १९९८ साली अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने गेला, आणि त्यानंतर उभारलेल्या भरपाई योजनेत सुमारे १ लाख ७० हजार दावे आले.

या सगळ्या काळात फिनलंडमध्ये वेगळे काही घडत होते. तिथे लाकूडतोड्यांच्या हातात साखळी करवत होती. १९७२ साली एका भागातल्या वनकामगारांची तपासणी झाली तेव्हा सुमारे ४० टक्के जणांना पांढऱ्या बोटांचा त्रास होता. १९९० पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्या अठरा वर्षांत करवतीचे कंपन सुमारे १४ वरून २ मीटर प्रति सेकंद वर्गावर उतरले होते. मुठीखाली रबरी आधार आणि स्प्रिंगा आल्या, यंत्र हलके झाले, इंजिनाची रचना सुधारली. जंगल तेच, थंडी तीच, झाडेही तीच. बेडफर्ड आणि फिनलंड शेजारी ठेवून पाहिले तर माझ्या मते वादाला फार जागा उरत नाही : कामगाराला सावध राहायला सांगण्याहून त्याच्या हातातले यंत्र बदलण्याचा उपयोग कितीतरी जास्त.

तार गेली

आता तुमच्या हातातल्या ड्रिलकडे वळू. विजेवर चालणारे हातड्रिल जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली बनवले. पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या ड्रिलचे एकस्व ब्लॅक अँड डेकरला १९१७ साली मिळाले. याच कंपनीने १९६१ साली निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे बिनतारी ड्रिल बाजारात आणले. बिनतारी ड्रिल चंद्रमोहिमेमुळे जन्मले अशी एक लोकप्रिय गोष्ट सांगतात. तारखा पाहिल्या तर क्रम उलटा आहे. कंपनीने चंद्रासाठी खास ड्रिल बनवले खरे, ते १९७१ साली अपोलो १५ सोबत गेलेही, पण ते नंतर. तिथेही ते जमिनीत अडकले आणि आतली नळी उपसायला दोन अंतराळवीरांना जोर लावावा लागला.

२००५ च्या सुमारास लिथियम-आयन बॅटऱ्या हातयंत्रांत आल्या, आणि इथे आपल्या विषयाला वळण मिळते. जुनी बॅटरी लवकर उतरे. चार्जिंगला लावून बसावे लागे. ती सक्तीची विश्रांती कोणी आरोग्यासाठी ठरवलेली नव्हती, पण हाताला ती मिळत होती. हवेच्या यंत्राला कॉम्प्रेसर लागे, विजेच्या यंत्राला तार आणि प्लग. यंत्र पोचेल तिथेच काम होई. आता दोन बॅटऱ्या आणि जलद चार्जर घेतला की शिडीवर, गच्चीवर, कुठेही दिवसभर खटका दाबता येतो. तार गेली म्हणून कंपन गेले नाही. काँक्रीटला ठोके देणारे यंत्र बॅटरीचे असो वा विजेचे, ठोका तोच.

आकड्याचा अर्थ

युरोपीय संघाने २००२ साली हातावरच्या कंपनाच्या दोन पातळ्या ठरवल्या, ब्रिटनने २००५ साली त्यांचा कायदा केला. आठ तासांच्या दिवसावर सरासरी काढली असता २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाला मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५ ही मर्यादा ओलांडायची नाही. गणित साधे आहे. कंपन दुप्पट झाले तर परवानगीचा वेळ निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. पुस्तिकेत ५ छापले असेल तर २ तासांत पहिली पातळी गाठली जाते. १० असेल तर अर्ध्या तासात. ठोका-मोडवर काँक्रीट फोडताना १५ असेल तर पहिली पातळी सुमारे १३ मिनिटांत, आणि कमाल मर्यादा ५३ मिनिटांत.

हा वेळ म्हणजे खटका प्रत्यक्ष दाबलेला वेळ. एका भोकाला चाळीस सेकंद धरा. वीस भोकांत तुमची १३ मिनिटे संपली. शिवाय छापलेला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. बोथट बिट, कठीण काँक्रीट आणि वाकडी पकड असली की प्रत्यक्षातला आकडा वर जातो. म्हणून बिट धारदार ठेवणे ही काटकसर नाही, हाताची काळजी आहे. यंत्राला काम करू द्या, अंगाचा भार टाकू नका. जितके घट्ट आवळाल तितके कंपन हातात जास्त शिरते. लाकडात किंवा धातूत भोक पाडताना ठोका-मोड बंद करा. साइड हँडल लावाच, कारण बिट अचानक अडकले तर यंत्र स्वतः फिरू पाहते आणि मनगट पिरगळते. बिट बदलण्याआधी बॅटरी काढा : तारेच्या यंत्राचा प्लग काढलेला डोळ्यांना दिसतो, इथे खटक्यावर बोट पडले की यंत्र सुरू. 'कंपनरोधक' म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांवर मात्र फार विसंबू नका. ते हात उबदार ठेवतात, हेही कमी नाही; पण ठोक्याचे मंद, जोरकस कंपन ते फारसे अडवत नाहीत.

उन्हाळ्याच्या देशात

१९७५ साली टेलर आणि पेल्मिअर यांनी या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. त्यांत एक महत्त्वाची खूण अशी, की बोटे फक्त हिवाळ्यात पांढरी पडतात की उन्हाळ्यातही. ही मोजपट्टी थंड देशात बनली होती. चेन्नईच्या किंवा नागपूरच्या बांधकामावर ती कशी लावायची? उष्ण प्रदेशांत बोटे पांढरी पडण्याचे प्रमाण कमी दिसते; पण कंपन रक्तवाहिन्यांबरोबर मज्जातंतूंनाही इजा करते, आणि मुंग्या, बधिरता, बोटांतली पकड सुटणे यांना थंडी लागत नाही. स्टॉकहोममध्ये १९८६ साली ठरलेल्या नव्या मोजपट्टीने म्हणूनच दोन वेगळ्या रांगा केल्या, एक रक्तवाहिन्यांची आणि एक संवेदनेची. आपल्याकडे पाहायची ती ही दुसरी रांग.

भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. तीत सिलिकोसिस होता, आवाजाने येणारे बहिरेपण होते. कंपनाने होणारा हाताचा आजार तीत नव्हता. मकराण्यात संगमरवर घासणारा, कोल्हापूरच्या फाउंड्रीत ग्राइंडर चालवणारा किंवा कुठल्याही शहरात फरशी फोडणारा कामगार 'रात्री हाताला मुंग्या येतात, झोप लागत नाही' असे सांगतो, तेव्हा त्याला बहुधा मालिश करायला किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला सांगतात. हातात कोणते यंत्र असते आणि दिवसाला किती वेळ, हे फारसे कोणी विचारत नाही.

हॅमिल्टन यांनी बेडफर्डला नेमके तेच विचारले होते. तुमच्या वर्कशॉपमध्ये किंवा जवळच्या बांधकामावर हा सराव करून पाहा : एका कामगाराचे एका दिवसाचे काम घड्याळ लावून पाहा, खटका दाबलेली मिनिटे लिहा, यंत्राच्या पुस्तिकेतला आकडा शेजारी मांडा, आणि त्याला विचारा की बधिरता कुठल्या हातात जास्त आहे.