वाटेगावचे अण्णा भाऊ आणि स्पेशल रशियन

1961 साली वाळवे तालुक्यातील वाटेगावचा एक माणूस मॉस्कोला जाऊन आला. त्याचे नाव तुकाराम भाऊराव साठे. महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ साठे म्हणून ओळखतो. 1920 साली ते जन्मले तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये या जिल्ह्याचा दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. तेव्हा सातारकरांनी अण्णा भाऊंना आपले म्हणावे आणि सांगलीकरांनीही म्हणावे. दोघांचेही खरेच आहे.

शाळेचे तोंड त्यांनी दीडच दिवस पाहिले असे सांगतात. पुढे 1931च्या सुमारास घरच्यांबरोबर पायी चालत त्यांनी मुंबई गाठली. तिथे पडेल ती मजुरी केली, गिरणीत काम केले, आणि दुकानांच्या पाट्या व सिनेमाच्या जाहिराती वाचीत वाचीत अक्षरे पक्की केली. अशा माणसाचा रशियाशी संबंध आला कुठून? कामगार चळवळीतून, आणि पुस्तकांतून. 1942-43च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडची लढाई जगाच्या तोंडी होती. अण्णा भाऊंनी तिच्यावर पोवाडा रचला. व्होल्गेच्या काठचे शहर डफाच्या थापेवर मुंबईच्या चाळींत येऊन पोहोचले! मॅक्झिम गॉर्की हा त्यांचा आवडता लेखक. त्याचेही शिक्षण असेच. विद्यापीठात शिकायचे म्हणून तो कझानला गेला, पण विद्यापीठाचे दार काही उघडले नाही. हमाली, बेकरीतले काम, असे दिवस काढले. आणि 1923 साली त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ठेवले 'माझी विद्यापीठे'. गॉर्की आणि अण्णा भाऊ यांचे का जमले, हे निराळे सांगायला नको.

पण मंडळी, इथे एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. अण्णा भाऊंना रशियन येत नव्हते. 1961च्या प्रवासात ते मॉस्को, लेनिनग्राड, बाकू, ताश्कंद असे फिरले; त्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. पण बोलायला मध्ये दुभाषा लागे. आणि मराठी वाचकाच्या हाती जो गॉर्की किंवा जो टॉलस्टॉय आला, तो बहुतेक इंग्रजीच्या घरी मुक्काम करून आलेला. साने गुरुजींनी टॉलस्टॉयचे कलेवरचे पुस्तक 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठीत आणले, ते इंग्रजीवरून. महात्माजी आणि टॉलस्टॉय यांची 1909-10 मध्ये पत्रापत्री झाली, पण महात्माजींनी टॉलस्टॉय वाचला तोही इंग्रजीतूनच. यात कुणाला उणे लेखायचे नाही. त्या काळी दुसरी वाटच नव्हती.

आता पलीकडची बाजू बघा. 1855 ते 1875 या वीस वर्षांत सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने सात खंडांचा संस्कृत कोश छापला. बनविणारे जर्मन पंडित, पण पैसा आणि छापखाना रशियाचा. आपले शास्त्री-पंडित आजही त्याला पीटर्सबर्ग कोश म्हणतात. आणि अण्णा भाऊ परत आल्यावर दोनच वर्षांनी, 1963 मध्ये, मॉस्कोत मराठी व्याकरणावर एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लिहिणाऱ्या होत्या तात्याना कातेनिना. अण्णा भाऊंचे साहित्य रशियनमध्ये गेले ते त्याच काळात. म्हणजे आपली भाषा शिकणारी माणसे तिकडे तयार होत होती. आपण मात्र इंग्रजीच्या खिडकीतून डोकावत होतो. हा व्यवहार बरोबरीचा नव्हता, असे मला स्पष्ट वाटते.

मधला काळ थोडा बरा गेला. मॉस्कोच्या प्रकाशनसंस्था मराठी पुस्तके तिथेच छापून पाठवीत. काही मराठी माणसे तिथे राहून थेट रशियनवरून अनुवाद करीत. रंगीत चित्रांची मुलांची पुस्तके अगदी स्वस्तात मिळत, आणि सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरे खेड्यातल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांना चढत. जुन्या गुरुजींना हे आठवत असेल. 1960 साली मॉस्कोत परदेशी विद्यार्थ्यांसाठी मैत्री विद्यापीठ निघाले. तिथे जाणाऱ्या मुलांना आधी एक वर्ष नुसती भाषा शिकावी लागे. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला, आणि पुस्तकांचा हा ओघ आटला.

तर मग बी.ए.ला, एम.ए.ला रशियन स्पेशल घेण्यात हशील काय? पालक हेच विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. आधी भाषेचे सांगतो, मग पोटाचे.

रशियन भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. बाईच्या सासऱ्याला रशियनमध्ये म्हणतात 'स्व्योकर'. संस्कृतात तो श्वशुर. सासू ती 'स्वेक्रोव्ह', संस्कृतात श्वश्रू. नवऱ्याचा भाऊ 'देवेर', म्हणजे आपला दीर, संस्कृतातला देवर. आणि सून? ती 'स्नोखा', संस्कृतातली स्नुषा. आपल्या माजघरातले अर्धे गणगोत व्होल्गेच्या काठी नांदते आहे म्हणा ना! लिंगे आपल्यासारखीच तीन. हिंदीला हे जमत नाही, मराठीला जमते. तो बोलला, ती बोलली, ते बोलले; रशियनमध्ये लिहायचे गोवोरील, गोवोरीला, गोवोरीलो. त्यांचा 'ल' आणि आपला 'ल' यांचा उगम वेगळा आहे, पण विद्यार्थ्याच्या कानाला तो ओळखीचा लागतो. एवढेच की 'ला' ऐकला की आपल्याला पुरुष दिसतो, आणि तिथे असते बाई. पहिल्या सहामाहीत वर्गात यावर हशा पिकतो. विभक्त्या सहा. शाळेत आठ विभक्त्या घोकलेल्या मराठी मुलाला त्यांची धास्ती नको.

नावांचेही तसेच. लेव्ह निकोलायेविच टॉलस्टॉय म्हणजे निकोलायचा मुलगा लेव्ह. बापाचे नाव मध्ये, जसे तुकाराम भाऊराव साठे, जसे रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पायगोंडा पाटील. फरक इतकाच की आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या नावात नवरा येतो, तिकडे बापाचे नाव जन्मभर टिकते.

आणि इंग्रजीतून येताना काय सांडते, त्याचा एकच दाखला देतो. 'आना कारेनिना' कादंबरीत बायकोवर संतापलेला नवरा तिला पत्र लिहितो, ते फ्रेंचमध्ये. कारण, टॉलस्टॉय सांगतो, फ्रेंचमधले 'तुम्ही' रशियनइतके थंडगार लागत नाही. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच! इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याने ठरवायचे तरी कसे की कोण कुणाला अरे-तुरे करतो आहे? तो अंदाजाने करतो. पण नवरा एकाएकी 'तू'वरून 'तुम्ही'वर आला म्हणजे घरात काय बिनसले, हे आपल्या कोणत्याही बाईला पहिल्या वाक्यात कळेल. रशियन शिकलेल्या मराठी अनुवादकाला ही ओळ आयती मिळते. इंग्रजाला ती समजावून घ्यावी लागते.

अवघड काय, तेही सांगितले पाहिजे. क्रियापदे. प्रत्येक कामाला बहुधा दोन रूपे: काम चालू किंवा नेहमीचे, आणि काम एकदाचे पुरे झालेले. आपण 'वाचीत होतो' आणि 'वाचून टाकले' असा भेद करतो, तसाच. पण तिथे तो कायम पाळावा लागतो. यात दोन वर्षे जातात, त्याला इलाज नाही.

आता पोटाचे. एक काळ होता की कारखान्यांना, वकिलातींना रशियन जाणणारे लागत. 1991 नंतर ती मागणी उतरली, हे झाकून ठेवू नये. पण संपलेली नाही. महाराष्ट्रातून वैद्यकीय शिक्षणासाठी कितीतरी मुले रशियात जातात. कॉलेजातले शिक्षण इंग्रजीत मिळाले तरी तिथल्या इस्पितळातला रोगी रशियनच बोलतो. म्हणून शिकविणारे हवेत, दुभाषे हवेत, तांत्रिक कागद उलथापालथ न करता मराठीत-इंग्रजीत आणणारे हवेत. केवळ कादंबऱ्यांवर घर चालेल, असे मी कोणाच्याही पोराला सांगणार नाही. शेतीवाडी असलेल्या घरातल्या मुलाने दुसरा एखादा विषय हाताशी ठेवून रशियन घ्यावे, हे माझे मत.

दूरही जायला नको. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ 1962 साली निघाले; सातारा आणि सांगली त्याच्याच कक्षेत. तिथल्या परदेशी भाषांच्या विभागात रशियन शिकता येते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत एम.ए.पर्यंत सोय आहे. मुंबई विद्यापीठ आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही आणखी ठिकाणे. 2022च्या सप्टेंबरात मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात अण्णा भाऊंचा पुतळा बसला. पुतळा बसला ते चांगलेच झाले. त्याच्या शेजारच्या कपाटात वाटेगावची, वारणेकाठची भाषा समजून केलेले रशियन अनुवाद वाढावेत, हे काम मात्र इथल्याच मुलामुलींचे. 'फकिरा'तला शब्द वारणेकाठी कसा बोलतात, हे मॉस्कोच्या पंडितापेक्षा वाळव्याची पोरगी अधिक जाणणार.

गुरुजी मंडळींसाठी आणखी थोडे. तेहतीस अक्षरांची लिपी आठवड्या-दोन आठवड्यांत येते. त्यानंतर मुलाच्या हाती मोठा ग्रंथ देऊ नये. टॉलस्टॉयने आपल्या यास्नाया पोल्याना गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली होती, आणि 1872 मध्ये त्याने अंकलिपी लिहिली. 1875 मध्ये ती नवी करून काढली. त्यातल्या लहान गोष्टी अगदी सोप्या रशियनमध्ये आहेत. एका गोष्टीत फिलिपोक नावाचा पोरगा आहे. लहान आहे म्हणून त्याला शाळेत पाठवीत नाहीत. एक दिवस आई मजुरीला गेलेली, आजीला डुलकी लागलेली. तो बापाची मोठी टोपी डोक्यावर घालून निघतो. वाटेत कुत्री भुंकतात, पडत-झडत शाळेत पोहोचतो आणि मास्तरांपुढे तोंडच उघडत नाही. मग मास्तर म्हणतात, तुझे नाव अक्षरे जुळवून सांग बघू. तो गावठी उच्चारात सांगतो आणि सगळा वर्ग हसतो. तेव्हापासून तो शाळेत जाऊ लागतो. आपला विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या अखेरीस ही गोष्ट कोश उघडून, पण दुभाष्यावाचून वाचू शकतो.