मोटारीचें निदान : कानापासून सेन्सरपर्यंत

श्रोतेहो, चालत्या मोटारीचें यंत्र मध्येंच ठोका चुकवूं लागलें आणि गाडी अडखळून आंत बसलेल्यांना हिसके बसूं लागले, म्हणजे आपल्याकडील मिस्त्री 'गाडी मिसिंग मारते' असें म्हणतात. हा शब्दप्रयोग व्याकरणाच्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडावयाचा नाहीं. पण मुंबई-पुण्याच्या कोणत्याहि गॅरेजांत तो एका क्षणांत समजतो. ही चूक कोठें होते हें माणूस प्रथम कसें ओळखीत असे, पुढें तें ओळखण्याचें काम त्यानें यंत्राकडेच कसें सोंपविलें, आणि तसें सोंपविल्यावर त्याच्या स्वतःच्या शिरावर कोणतें काम उरलें, याचा इतिहास आज मी थोडक्यांत सांगणार आहें.

प्रथम चूक म्हणजे काय तें पाहूं. जर्मनीच्या निकोलाउस ऑटोनें १८७६ सालीं चार टप्प्यांचें यंत्र सिद्ध केलें. हवा आणि इंधन यांचें मिश्रण आंत ओढावयाचें, दट्ट्यानें तें दाबावयाचें, पेटवून त्याच्या जोरावर दट्ट्या ढकलावयाचा, आणि शेवटीं जळलेला वायु बाहेर टाकावयाचा, असे हे चार टप्पे. आजच्या पेट्रोलच्या मोटारींतहि हाच क्रम चालूं आहे. शक्ति मिळते ती केवळ तिसऱ्या टप्प्यांत. इतर तीन टप्पे तिच्या तयारीचे किंवा निरवानिरवीचे. तिसरा टप्पा साधावयाचा तर मिश्रण योग्य हवें, दाब पुरेसा हवा आणि ठिणगी वेळेवर हवी. तिहींपैकीं एक हुकलें तरी सिलिंडर रिकामा फिरतो. लक्षण एक आणि कारणें तीन जातींचीं; निदानाचा सारा पेंच येथेंच आहे.

कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या तीन चाकी मोटारगाडीचें पेटंट घेतलें. दोन वर्षांनीं त्याची पत्नी बेर्टा ही आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइम या आपल्या माहेरच्या गांवीं त्या गाडीनें गेली. सुमारें शंभर किलोमीटरांचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून प्रसिद्ध आहे. मोटारीच्या निदानाचाहि पहिला धडा त्यांतच सांपडतो. इंधनाची नळी तुंबली, तेव्हां बाईंनीं टोपीची लांब टांचणी घालून ती मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तेव्हां मोज्याचा बंद गुंडाळून ती झांकली. गाडी दोन्ही वेळां अडली, पण एकदां दोष इंधनाचा होता व दुसऱ्यांदा ठिणगीचा. त्यांना ना दिवा दिसत होता, ना आंकडा. एकेक शक्यता तपासून बाजूस सारीत खऱ्या दोषापर्यंत पोहोंचणें, एवढीच त्यांची विद्या होती. आणि पुढील सर्व निदानशास्त्र या विद्येचाच विस्तार होय.

१९०२ सालीं श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गोटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला, आणि ठिणगी पूर्वींपेक्षां भरंवशाची झाली. त्यापुढें निदान हें कानाचें काम झालें. जुना कारागीर लांब पेंचकसाचें टोक यंत्राला टेंकवून मूठ कानाशीं धरी व कोणत्या सिलिंडराशीं आवाज बदलतो तें ऐके. दुसरी युक्ति याहून नामी होती. यंत्र चालूं असतां लांकडी मुठीच्या पेंचकसानें तो एकेका प्लगची वीज क्रमानें यंत्राच्या लोखंडांत उतरवी. निरोगी सिलिंडर असा बंद केला कीं यंत्राची गति तत्काळ मंदावे. ज्याला बंद केल्यानें कांहींच फरक पडत नसे तोच आधींपासून मेलेला, हें उघड होई. सशक्ताला क्षणभर अडवून अशक्ताची ओळख पटविण्याची ही रीति फार विचारपूर्वक बसविलेली होती. तिच्या मागें पुस्तक नसलें तरी तर्कशास्त्र होतें.

मुंबईंत ही परंपरा दीर्घकाळ टिकली. कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डी ही गाडी तयार होऊं लागली. पुढें तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें शहराच्या अंगवळणीं पडली. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. कार्बुरेटर, डिस्ट्रिब्यूटर आणि त्यांतील घासून झिजणारे पॉइंट हा तिचा सारा संसार उघडा असे. पावसाळ्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांत दमटपणा शिरला कीं वीज प्लगकडे जाण्याऐवजीं आडवाटेनें पळे व मिसिंग सुरू होई. अशा वेळीं जाणता मिस्त्री अंधारांत बॉनेट उघडून पाही. तारांवरून निळसर ठिणग्या पळतांना दिसल्या कीं चोर हातीं लागला. फडक्यानें टोपण कोरडें केलें, पॉइंटांवरून बारीक कानस फिरविली, कीं गाडी चालूं लागे. पद्मिनीच्या मिस्त्र्याला जें कळे, तें तो मालकाला प्रत्यक्ष दाखवूंहि शके.

परंतु लक्षण दाबणें आणि कारण नाहींसें करणें यांतील भेद दाखविणारें एक मोठें प्रकरण तत्पूर्वींच अमेरिकेंत घडून गेलें होतें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत यंत्रांतील दाब वाढवूं जातां सिलिंडरांतून खणखण असा ठोका ऐकूं येऊं लागला. हा दोष मिसिंगहून निराळा. मिसिंगमध्यें मिश्रण पेटतच नाहीं. ठोक्यामध्यें त्याचा उरलेला भाग ज्योत पोहोंचण्यापूर्वींच एकदम भडकतो. प्रथम पुष्कळांनीं बॅटरीवरील ठिणगीलाच दोष दिला. टॉमस मिजली यानें चार्ल्स केटरिंगच्या हाताखालीं संशोधन करून दोष इंधनाच्या जळण्यांत आहे असें दाखविलें, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचें एक संयुग पेट्रोलमध्यें किंचित् मिसळल्यास ठोका थांबतो हा शोध लावला. निदान अचूक होतें. उपचार मात्र विषारी निघाला. १९२४ सालीं तें संयुग तयार करणारे कांहीं कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले, तरी त्याचा खप थांबला नाहीं. यंत्राचा आवाज बंद झाला आणि शिसें शहरांच्या हवेंत पसरत राहिलें. भारतांत शिसें घातलेलें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. मोटारींसाठीं तें विकणें जगांत सर्वांत शेवटीं अल्जीरियानें २०२१ मध्यें थांबविलें.

हवेच्या या प्रश्नानेंच मोटारीच्या निदानाला नवें वळण दिलें. लॉस एंजेलिस शहरावर दाटणारें झोंबरें धुरकें मोटारींच्या धुरांतून कसें उत्पन्न होतें, हें आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या थोड्याच वर्षांत दाखविलें. १९७० सालीं अमेरिकेंत कडक कायदा झाला आणि १९७५ पासून तेथील बहुतेक नव्या गाड्यांच्या धूरवाटेंत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविला जाऊं लागला. प्लॅटिनमसारख्या मौल्यवान् धातूंचा पातळ लेप दिलेली ही चाळणी विषारी वायूंचें रूपांतर बऱ्याच अंशीं निरुपद्रवी वायूंत करते. पण शिशानें ती निकामी होते. म्हणून शिसें जावें लागलें. शिवाय, एका भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा हें प्रमाण राखल्याखेरीज तिचें काम नीट चालत नाहीं. इतका नेमका तोल कानानें साधणारा नव्हता. तो साधण्यासाठीं बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ सालीं व्होल्व्होच्या गाडींतून रस्त्यावर आला. बाहेरच्या हवेंतील प्राणवायु व धुरांतील प्राणवायु यांची तुलना करून तो अल्पशी वीज उत्पन्न करतो. धुरांत प्राणवायु फार कमी असेल तर सुमारें ०.९ व्होल्ट, आणि अधिक असेल तर सुमारें ०.१ व्होल्ट, एवढीच त्याची भाषा. ती ऐकून गाडींतील संगणक पेट्रोल कमी-अधिक करतो.

आतां मिसिंग ही केवळ बसणाऱ्याच्या गैरसोयीची बाब राहिली नाहीं. न जळलेलें पेट्रोल त्या चाळणींत जाऊन पेट घेतें आणि तिच्या आंतील जाळी वितळूं शकते. मग त्या गाडीचें विष सर्वांच्या श्वासांत उतरतें. म्हणून गाडीनें आपला दोष आपणच ओळखून चालकाला सांगितला पाहिजे, असा नियम आला. कॅलिफोर्नियांत १९८८ च्या गाड्यांपासून त्याचें पहिलें रूप लागूं झालें. १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींना एकाच नमुन्याची जोडणी व एकाच लिपींतील दोषसंकेत आवश्यक झाले. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर २०१० मध्यें ही व्यवस्था सुरू झाली आणि २०१३ मध्यें तिचें अधिक कडक रूप आलें. दर्शनी फलकावर यंत्राच्या आकृतीचा जो पिवळा दिवा लागतो, तो याच इतिहासाचें फळ. तो स्थिर असेल तर गाडी लवकर दाखवावी. तो उघडझांप करूं लागला तर चाळणीस इजा पोहोंचविणारी मिसिंग चालूं आहे असें समजून वेग तत्काळ उतरवावा, व शक्य तितक्या लवकर गाडी सुरक्षित जागीं थांबवावी.

संगणकाला चुकलेला ठोका कळतो तरी कसा? यंत्राच्या मुख्य दांड्यावर दांतेरी चक्र असतें. पुष्कळ गाड्यांत साठ दांत्यांची जागा ठेवून खुणेसाठीं दोन दांते गाळलेले असतात. समोरचा सेन्सर प्रत्येक दांता मोजतो. मिनिटाला ३००० फेरे होत असतां एका फेऱ्याला पन्नासावा भाग सेकंद लागतो, आणि चार सिलिंडरांच्या यंत्रांत दर शंभराव्या सेकंदाला एक स्फोट अपेक्षित असतो. तो झाला नाहीं तर त्या अवधींत चक्र किंचित् रेंगाळतें. जुना मिस्त्री कानानें जें रेंगाळणें ऐके, तेंच हा सेन्सर दांते मोजून जाणतो. त्यालाहि चकवा बसतो. खाचखळग्यांच्या रस्त्यावर चाकांना बसणारे धक्के या दांड्यापर्यंत पोहोंचतात आणि खोट्या मिसिंगचा भास होतो. तेवढ्यासाठीं रस्त्याच्या खडबडीचा हिशेब वेगळा ठेवण्याची योजना यंत्ररचनाकारांना करावी लागली.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. 'पी ०३०२' असा संकेत आला तर त्याचा अर्थ दुसरा सिलिंडर ठोका चुकवितो, एवढाच. कां चुकवितो, तें त्यांत नाहीं. प्लग झिजला असेल, कॉइल थकली असेल, इंजेक्टर तुंबला असेल किंवा झडप नीट मिटत नसेल. याहून फसवा प्रकार लॅम्डा सेन्सरचा. सिलिंडरांत ठिणगीच पडली नाहीं म्हणजे पेट्रोल तसेंच बाहेर पडतें, आणि त्याबरोबर न वापरलेला प्राणवायुहि पडतो. सेन्सरला पेट्रोल कळत नाहीं, प्राणवायु तेवढा कळतो. तो प्रामाणिकपणें सांगतो कीं धुरांत प्राणवायु फार आहे. संगणक त्यावरून पेट्रोल कमी पडतें असें अनुमान करतो आणि आणखी पेट्रोल सोडतो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! अशा वेळीं उतावळा कारागीर संकेत वाचून सेन्सरच बदलतो. मालकाचे पैसे जातात, मिसिंग तशीच राहते, आणि खरें बोलणारा साक्षीदार कचऱ्यांत पडतो. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा याहून चांगला दाखला यंत्रशास्त्रांत क्वचित् मिळेल.

आपल्या आयुर्वेदानें निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतील निदान म्हणजे मूळ कारण आणि रूप म्हणजे प्रकट लक्षण. संगणकाचा संकेत हा फार तर रूप होय. त्याला निदान समजण्यांतच सारा घोटाळा आहे. रोग गूढ असेल तेव्हां एखादा उपचार योजून पाहावा आणि त्याच्या परिणामावरून रोग ओळखावा, हा उपशय. आजचा विचारी मिस्त्री नेमकें हेंच करतो. दुसऱ्या सिलिंडराची कॉइल काढून तो तिसऱ्यावर बसवितो व तिसऱ्याची दुसऱ्यावर. मिसिंगचा संकेत तिच्या मागोमाग तिसऱ्याकडे गेला तर दोषी कॉइल. दुसऱ्यापाशींच राहिला तर कॉइल निर्दोष, आणि शोध पुढें प्लगकडे, इंजेक्टरकडे, दाबाकडे वळतो. यांत नवा भाग विकत घेण्यापूर्वीं जुन्याचा न्याय होतो. बेर्टा बेंझची टांचणी, लांकडी मुठीचा पेंचकस आणि ही अदलाबदल यांचें गोत्र एकच आहे.

श्रोतेहो, सेन्सर आल्यामुळें कारागिराची गरज संपली असें पुष्कळांस वाटतें. इतिहास तसें सांगत नाहीं. पूर्वीं साक्षीदार थोडे होते आणि ते शोधून काढावे लागत. आतां साक्षीदार पुष्कळ झाले, पण साक्ष तोलून पाहणारा न्यायाधीश अजूनहि माणूसच आहे. म्हणून गाडीचा दिवा लागला असतां गॅरेजांत 'कोणता संकेत आला?' एवढेंच विचारून थांबूं नये. 'त्याचें कारण आपण कसें पडताळून पाहिलें?' हा प्रश्नहि शांतपणें विचारावा. ज्याला आपलें काम येतें तो मिस्त्री या प्रश्नानें रागावणार नाहीं. उलट बॉनेट उघडून तो आपल्याला जवळ बोलावील.