प्रेमभक्तीच्या अवस्था

ईश्वरविषयक प्रेम साधकाच्या ठिकाणी क्रमाने कसे परिपक्व होते, यासंबंधीची बंगाली वैष्णव संप्रदायातील मीमांसा. भागवताच्या सातव्या स्कंधातील नवविधा भक्तीशी तिची अनेकदा गल्लत केली जाते; तथापि श्रवण, कीर्तन इ. नऊ हे भक्तीचे प्रकार होत, पायऱ्या नव्हेत. पायऱ्यांची सुव्यवस्थित मांडणी रूप गोस्वामी यांनी भक्तिरसामृतसिंधु (शके १४६३, इ. स. १५४१) या संस्कृत ग्रंथात केली. बंगालचा सुलतान हुसेन शाह याच्या दरबारातील अधिकारपद सोडून ते चैतन्य महाप्रभूंचे (१४८६–१५३३) अनुयायी झाले व वृंदावनास राहिले.

श्रद्धा, साधुसंग, भजनक्रिया, अनर्थनिवृत्ती, निष्ठा, रुची, आसक्ती, भाव आणि प्रेम असा त्यांचा क्रम आहे. यात दोषांचा निरास भजनास आरंभ झाल्यानंतर येतो. चित्तशुद्धी ही भक्तीची पूर्वअट मानलेली नाही, ही गोष्ट महत्त्वाची होय. रुची बुद्धिपूर्वक असते, तर आसक्ती स्वाभाविक, असा भेद जीव गोस्वामींनी टीकेत केला आहे.

खरा प्रश्न उद्भवतो तो भावावस्थेत. अश्रू, रोमांच ही बाह्य चिन्हे मोक्षाची वा भोगाची इच्छा बाळगणाऱ्यांच्या ठिकाणीही दिसतात. रूप गोस्वामी अशा अवस्थेस रत्याभास म्हणतात. खऱ्या भावाची त्यांनी दिलेली लक्षणे त्यामानाने अगदी साधी आहेत : क्षमाशीलता, वेळ व्यर्थ न दवडणे, विरक्ती, निरभिमानता, कृपेची दृढ आशा, उत्कंठा, नामगायनाची गोडी इत्यादी.

साधनेने प्रेम उत्पन्न होत असेल, तर ते कृत्रिम व अनित्य ठरेल, हा आक्षेपही त्यांनी विचारात घेतला आहे. भाव नित्यसिद्धच असतो. साधनेने तो हृदयात केवळ प्रकट होतो, असे त्यांचे उत्तर. क्वचित तो साधनेवाचून, कृष्णाच्या वा भक्तांच्या कृपेने उदय पावतो.

प्रेमाच्या स्नेह, मान, प्रणय, राग, अनुराग, भाव व महाभाव या पुढील अवस्था त्यांच्या उज्ज्वलनीलमणि ग्रंथात आढळतात. साधकाच्या दृष्टीने मात्र विश्वनाथ चक्रवर्तींचा माधुर्यकादंबिनी हा छोटा ग्रंथ अधिक उपयुक्त म्हणावा लागेल. भजनक्रियेतील अस्थिरतेचे सहा प्रकार त्यांनी मार्मिकपणे वर्णिले आहेत. नवशिक्याचा अतिउत्साह हा त्यांतील पहिला. ‘तरंगरंगिणी’ हा शेवटचा. या अवस्थेत भक्तीमुळे लाभलेल्या धन-मानाच्या लाटांवरच साधक रमू लागतो.