चार अक्षरांचा राजा

वर्तमानपत्रातले शब्दकोडे आपण कधी ना कधी सोडवले असेलच. चार घरे आहेत. शेवटच्या दोन घरांत ‘से’ आणि ‘न’ ही अक्षरे आधीच पडली आहेत, पहिली दोन रिकामी. शेजारी सूचना : एका राजाचे नाव. मग आपण बोटांवर अक्षरे मोजतो, ओळखीच्या राजांना एकेक करून त्या घरांत बसवून पाहतो. जो बसला तो आपला! चुकलेच तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तर मिळते. वाशिमच्या एका राजाचे कोडे विद्वानांपुढे असेच पडले होते. त्याचे उत्तर हाती यायला मात्र पुष्कळ वर्षे लागली.

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. संस्कृत काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव परिचयाचे होते. काव्यपुरुषाचे आणि साहित्यविद्येचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागले, असे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितले आहे. म्हणजे वाणीचे वऱ्हाड वऱ्हाडातच आले म्हणायचे! पण या गावी वाकाटकांची एक वेगळी शाखा राज्य करीत होती, ही गोष्ट इतिहासाला १९३९ पर्यंत ठाऊक नव्हती.

त्या राजांची वंशावळ खरे म्हणजे एका भिंतीवर कोरलेली होती. ती भिंत वाशिमला नव्हे, अजिंठ्याला. तिथले १६ क्रमांकाचे लेणे हरिषेण नावाच्या वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव याने करविले. लेण्याबाहेरच्या भिंतीवर त्याने आपल्या धन्याच्या पूर्वजांची नावे श्लोकांत कोरून ठेवली. दीड हजार वर्षांच्या पावसापाण्याने ती झिजली. कुठे अर्धे अक्षर उरले, कुठे नुसती एखादी रेघ, आणि कुठे काहीच नाही. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी हा लेख वाचला. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्यावर परिश्रम केले.

झिजलेला लेख वाचतात तरी कसा? लेख गद्यात असेल तर गेलेला शब्द केवढा होता याचा अंदाज जागेवरून बांधायचा. श्लोकात असेल तर वाचणाऱ्याच्या हाती एक पक्के माप येते. आपल्याला मनाचे श्लोक पाठ आहेत ना? ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. चरणात अक्षरे बारा, आणि लघू-गुरूंचा क्रम ठरलेला : एक लघू, दोन गुरू, असे चार वेळा. मधला एखादा शब्द कुणी खोडला, तरी त्या जागी किती अक्षरे होती, त्यांतली कोणती आखूड आणि कोणती लांब, हे डोळे मिटून सांगता येईल. मग शिल्लक राहिलेल्या खुणा धरून त्या मापाचा शब्द हुडकायचा. जोडाक्षर एकच धरायचे, आणि त्याच्या आधीचे अक्षर गुरू होते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

अजिंठ्याच्या वंशावळीत पहिल्या प्रवरसेनानंतरच्या राजाचे नाव असेच फुटलेले होते. ब्यूलर यांनी ते ‘रुद्रसेन’ वाचले. त्यांना दोष देऊ नये. वाकाटकांच्या इतर ताम्रपटांत प्रवरसेनानंतर रुद्रसेन आणि त्याच्यानंतर पृथिवीषेण असा क्रम होता. इथेही तोच असणार, असे कोणालाही वाटले असते. म्हणून पुढचे फुटके नावही ‘पृथिवीषेण’ ठरले. पण आता मोजून पाहा. ‘रुद्रसेन’ या शब्दात पहिले अक्षर गुरू, दुसरे लघू, तिसरे गुरू. ‘सर्वसेन’? तेच माप. ‘विंध्यसेन’ घ्या, ‘देवसेन’ घ्या, तेच. चौघेही त्या चार घरांत बिनतक्रार बसतात! वृत्ताने शब्दाची लांबी सांगितली, नाव सांगितले नाही. जे नाव ओळखीच्या यादीतच नाही, ते कोण कसे सुचवणार?

१९३९ साली वाशिमला ताम्रपट सापडले. वत्सगुल्माहून दिलेले हे दान, देणाऱ्या राजाच्या ३७ व्या वर्षीचे. वंशावळ संस्कृतात, पुढचा मजकूर प्राकृतात. देणारा राजा विंध्यशक्ती, त्याचा बाप सर्वसेन, आजा प्रवरसेन. रुद्रसेन तिथे नाहीच. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा धागा धरून अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि १९४१ साली प्रसिद्ध केला. ‘रुद्रसेन’ गेला, ‘सर्वसेन’ आला. ‘पृथिवीषेण’ गेला, ‘विंध्यसेन’ आला. विंध्यसेन म्हणजे ताम्रपटातला विंध्यशक्तीच. कोणी म्हणेल, यांनीही आधी ठरवले आणि मग वाचले! शंका रास्त आहे. फरक एवढाच, की ब्यूलरांनी दुसऱ्या घराण्याची यादी इथे लावली होती; मिराशींच्या हाती याच घराण्याचा, त्याच काळचा कागद होता. तांब्याचा का होईना.

आणि एकच कोडे सुटले असे नाही. ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य सर्वसेन नावाच्या कवीने रचले, हे आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांमुळे माहीत होते. मूळ काव्य हरवले आहे, इतरांनी उद्धृत केलेल्या ओळी तेवढ्या उरल्या. हा कवी कोण, कुठला, याचा पत्ता नव्हता. वाशिमच्या गादीवर सर्वसेन येऊन बसला, तेव्हा कवीलाही आपले घर सापडले.

एक जागा मात्र मिराशींनाही भरता आली नाही. या घराण्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा मुलगा आठव्या वर्षी गादीवर आला आणि त्याने राज्य नीट चालवले, एवढे अजिंठ्याची भिंत सांगते. त्या पोराचे नाव साफ गेलेले. १९६३ साली मिराशींचा वाकाटकांच्या कोरीव लेखांचा खंड निघाला, त्यातही तो राजा निनावीच राहिला. अंदाजाने एखादे नाव बसवणे काही कठीण नव्हते. त्यांनी ते बसवले नाही, हे मला त्यांच्या वाचनाइतकेच मोलाचे वाटते.

पुढे धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरचे आणि बिदरचे ताम्रपट उजेडात आले. या पोराचा मुलगा देवसेन. वाशिमजवळच्या हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखात ज्याचे नाव आहे, शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८ मध्ये राज्य करणारा, तोच हा. नव्या ताम्रपटांत देवसेनाच्या बापाचे नाव होते. चार अक्षरांचे, पहिले गुरू, दुसरे लघू, शेवटी ‘सेन’. घरच्यांनी पोराला पणजोबाचे नाव ठेवले होते : सर्वसेन.