महासंगणकाची मेमरी
महासंगणकांच्या इतिहासात कौतुक झाले ते प्रोसेसरचे. खोळंबा मात्र बहुतेक वेळा मेमरीने केला. केंब्रिजच्या एडसॅकमध्ये (१९४९) आकडे पाऱ्याच्या नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपाने फिरत असत. हवा तो आकडा नळीच्या टोकाशी येईपर्यंत यंत्र थांबून राही.

हे वाट पाहणे कोर मेमरीने संपवले. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात ती १९५३ मध्ये बसली. फेराइटच्या बारीक कड्या, त्यांतून आडव्या-उभ्या ओवलेल्या तारा आणि दर कडीत एक बिट. एकाच तारेतून निम्मा प्रवाह आला तर कडी दाद देत नसे; दोन्ही तारांतून आला, की त्यांच्या छेदावरच्या कडीचे चुंबकत्व उलटे. वाचताना मजकूर पुसला जाई, म्हणून तो लगेच पुन्हा लिहावा लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅकमध्येही हीच मेमरी होती: ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या मापाने अवघे १० किलोबाइट.

पुढे प्रोसेसर झपाट्याने वेगवान झाले, मेमरी मागे पडली. एडसॅक उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांनीच १९६५ मध्ये उपाय मांडला: मोठ्या, संथ मेमरीपुढे एक छोटी, चपळ मेमरी ठेवावी. आजची कॅश ती हीच. महासंगणकांचे रचनाकार सेमूर क्रे यांनी मात्र क्रे-१ मध्ये (१९७६) कॅश ठेवलीच नाही. त्यांनी मेमरी १६ स्वतंत्र भागांत, म्हणजे बँकांत, वाटली आणि लागोपाठचे शब्द वेगवेगळ्या बँकांत ठेवले. एक बँक गुंतलेली असताना दुसरी शब्द पुरवी. युक्ती नामी, पण प्रोग्रामने सोळा-सोळाच्या उडीने शब्द मागितले, की सारी मागणी एकाच बँकेवर आदळे आणि वेग कोसळे.

पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० ची वाट निराळी होती. त्यात प्रत्येक ट्रान्सप्युटरला, म्हणजे प्रोसेसरला, स्वतःची मेमरी होती. दुसऱ्याकडचा आकडा हवा असेल तर संदेश पाठवून मागवायचा. एकाच मेमरीवरची गर्दी टळली, प्रोग्रामरचे काम वाढले.

प्रोसेसर आणि मेमरी यांच्या वेगांतील वाढत्या दरीला वुल्फ आणि मॅकी या संगणकशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ‘मेमरी वॉल’ म्हटले. अलीकडे डीरॅम या मेमरीच्या चिपा एकावर एक रचून प्रोसेसरला अगदी खेटून बसवतात. जपानच्या फुगाकूमध्ये (२०२०) अशी ३२ गिगाबाइट मेमरी दर प्रोसेसरला आहे. ती सेकंदाला सुमारे १ टेराबाइट पुरवते. साधी मेमरी जोडीला नाही. त्यामुळे ३२ गिगाबाइटमध्ये न मावणारे गणित अनेक प्रोसेसरांत वाटावे लागते, आणि संदेशांची ये-जा तिथेही आलीच.