ऑटोमॅटिक गाडीचं तेल आणि देवमासा

मागच्या वर्षी लॅबमधल्या एका मित्राने जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. गिअरबॉक्सचं तेल बदलायला गेला, तर गॅरेजवाला म्हणाला, "लाल आहे ना? मग चालतंय." आठवड्याभरात गिअर बदलताना गाडी थरथरायला लागली. मॅन्युअल उघडलं तेव्हा कळलं की त्यात सांगितलेलं तेल वेगळंच होतं. सगळं तेल पुन्हा काढावं लागलं, भुर्दंड बसला तो वेगळाच. त्या निमित्ताने मी या तेलाचा इतिहास वाचला. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर तो तुमच्याही कामाचा आहे.

आधी थोडं विज्ञान. इंजिन ऑईलचं मुख्य काम घर्षण कमी करणं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मात्र तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या असतात. त्यांनी एकमेकींना पकडलं पाहिजे, पण झटका न देता. म्हणजे इथे घर्षण नेमकं हवं तेवढंच लागतं. चकत्या पकड घेत असताना, घसरण्याचा वेग कमी होत जातो तसं घर्षण एकदम वाढलं, तर चकत्या अडकत-सुटत राहतात. गाडीची थरथर ती हीच.

आता इतिहास. जनरल मोटर्सची हायड्रा-मॅटिक ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक यंत्रणा. ती 1940 च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत आली. 1949 मध्ये कंपनीने 'टाइप ए' हे तेलाचं मानक ठरवलं, 1967 मध्ये 'डेक्सरॉन' आलं. झटका जाऊन पकड मऊ व्हावी म्हणून या तेलांत स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल वापरलं जायचं. या तेलात मेणासारखे लांब साखळीचे एस्टर असतात. ते धातूच्या पृष्ठभागाला धरून पातळ थर तयार करतात.

फोर्डचा मार्ग उलटा होता. त्यांच्या 'टाइप एफ' तेलात घर्षण मऊ करणारा घटक नव्हता, कारण त्यांचे क्लच घट्ट पकडीसाठी बनवलेले होते. दोन्ही तेलं लाल. हा रंग गळती ओळखता यावी म्हणून घातलेला असतो, गुणधर्माशी त्याचा संबंध नाही. गॅरेजवाल्याची चूक कुठे झाली, ते इथे दिसतं.

1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि उद्योगाला पर्याय शोधणं भाग पडलं. नवीन तेल 'डेक्सरॉन-टू' नावाने आलं. पण त्याच्या पहिल्या रूपाने तेल थंड करणाऱ्या कूलरमधले झाळकामाचे सांधे गंजायला लागले, म्हणून 1975 मध्ये सुधारित रूप आणावं लागलं. होहोबाच्या बियांतही तसेच मेणासारखे एस्टर असल्याने त्या झुडपाकडेही तेव्हा संशोधकांचं लक्ष वळलं.

इथे क्षणभर थांबा. एक घटक काढून दुसरा घातला की आपण मोजतो तोच गुणधर्म बदलतो असं नाही. ज्याकडे आपलं लक्षच नव्हतं तोही बदलतो. प्रयोगात रसायन, विक्रेता किंवा बॅच बदलताना हे आठवा. "सारखंच आहे" असं कुणी म्हणालं की विचारा: कोणत्या गुणधर्मात सारखं? आणि ते कोणी तपासलं?

2005 च्या 'डेक्सरॉन-सिक्स'मध्ये तर चिकटपणाच मुद्दाम कमी केला. नवीन असताना ते 'डेक्सरॉन-थ्री'पेक्षा पातळ असतं, पण वापरात त्याचा चिकटपणा जास्त टिकतो. म्हणजे "जाड तेल चांगलं" हा समजही गेला.

आता तेल कसं निवडायचं? सर्वात आधी आपल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे ते बघा. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली चार प्रकार विकले जातात. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्याला साधारणपणे गिअर ऑईल लागतं. सीव्हीटीमध्ये धातूचा पट्टा पुलीला धरून ठेवतो, त्याला स्वतःचं वेगळं तेल लागतं. ड्युअल क्लचचंही तसंच. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या यंत्रणेला एटीएफ, पण तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मानकाचंच. डब्यावरच्या "सर्व गाड्यांसाठी" या शब्दांवर जाऊ नका, मानकाचं पूर्ण नाव जुळवून बघा.

मित्राची गाडी आता नीट चालते. आणि आमच्या लॅबमधल्या प्रत्येक बाटलीवर बॅच क्रमांक लिहायला आम्ही तेव्हापासून सुरुवात केली. तुम्ही पहिल्या दिवसापासूनच करा.