आडनाव पाहून रक्त तपासू नये

१९४९ साली गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, तेव्हा सिंधमधून उखडलेली कुटुंबे तिथल्या बराकींत दिवस काढत होती. त्यांच्यासोबत बीटा थॅलेसेमिया या रक्तविकाराचा जनुकीय दोषही आला. भारतात त्याचे वाहक साधारण ३ ते ४ टक्के धरतात. सिंधी समाजात प्रमाण याहून बरेच जास्त आहे. त्यामुळे उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये दवाखाना चालवणाऱ्याला रुग्णाच्या समाजाची माहिती असणे हा निदानाचाच भाग ठरतो.

मात्र हीच माहिती अर्धवट राहिली की घात करते. सिंधी घरांच्या शेजारी इथे मराठी बौद्ध आणि उत्तर भारतीय कुटुंबे राहतात. अंबरनाथ-बदलापूरकडच्या पाड्यांवर कातकरी, ठाकूर आहेत. विदर्भ-खानदेशातल्या अनेक आदिवासी आणि काही दलित समाजांत सिकलसेलचा दोष आढळतो. नवरा थॅलेसेमियाचा वाहक आणि बायको सिकलसेलची, अशा जोडप्याच्या मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो. आडनाव पाहून चाचणी लिहिणाऱ्याच्या हातून नेमके हे जोडपे सुटते. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एचपीएलसी चाचणी प्रत्येक गरोदर स्त्रीला, पहिल्याच भेटीत सुचवली पाहिजे.

वाहक व्यक्ती ठणठणीत असते. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, तांबड्या पेशींचे आकारमान ८० फेम्टोलिटरच्या खाली दिसते, तरी पेशींची संख्या भरपूर असते. अशा बाईला वर्षानुवर्षे ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. वाहक स्त्रीलाही लोहाची कमतरता असू शकते, तेव्हा गोळ्या सरसकट बंद करणेही चूकच. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन पाहून ठरवावे. लोहाच्या कमतरतेत एचबीए-२ (वाहकांत वाढलेले दिसणारे हिमोग्लोबिन) थोडे खाली येते आणि वाहकपण झाकले जाऊ शकते, हेही ध्यानात हवे.

खरी कसोटी अहवाल हातात आल्यावर लागते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता घटत नाही, आणि घरच्यांना पटवायला सर्वांत अवघड हेच. गर्भाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना साधारण १० ते १२ आठवड्यांत घेतात. बाई चौथ्या महिन्यात नाव नोंदवायला आली तर ती वेळ निघून गेलेली असते. एकत्र कुटुंबात सासू सोबत असते, दोष सुनेच्या माहेरावर ढकलला जातो. माझ्या मते अहवाल आधी तिला एकटीला सांगावा: ‘ताई, हा आजार नाही. तुमच्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं नाही. आता तुमच्या मिस्टरांचं रक्त तपासू या. घरात आणखी कुणाला सांगायचं, ते तुम्ही ठरवा.’ ही चार वाक्ये सरावाने येतात आणि सराव करून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ते बहुधा सभागृहातल्या व्याख्यानांतून जमतात. नव्या औषधाची माहिती तिथे मिळते, पण सासूसमोर काय बोलावे हे मिळत नाही. शिवाय अशा वस्त्यांत पहिली गाठ पुष्कळदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरशी पडते. त्यांच्या परिषदा वेगळ्या, म्हणून ते या व्याख्यानांच्या बाहेरच राहतात. आशाताई आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ तर हिशेबातही नसतात.

समाजाच्या चालीरीतींची यादी पाठ करवणारे प्रशिक्षणही मला पुरेसे वाटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सिंधी घरांत चालीहोचे ४० दिवसांचे व्रत असते, हे मधुमेह पाहणाऱ्याला ठाऊक हवेच. तरी समोरचा माणूस ते धरतो का आणि दिवसभर काय खातो, हे त्यालाच विचारावे लागते. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये सांस्कृतिक नम्रतेची कल्पना मांडली, ती याच दिशेची. माहिती संपवता येते, विचारणे संपत नाही.

कॅम्प ४ साठी मी असे सुचवीन: दर महिन्याला परिसरातले सर्व पॅथींचे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि आशाताई एकत्र बसावेत. नावे झाकून आपल्याच ओपीडीतले चार-पाच सीबीसी समोर ठेवावेत, कुठली एचपीएलसी राहून गेली, कुठला नवरा तपासणीला आलाच नाही आणि का, हे बोलावे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांच्या आयांनाही बोलवावे. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायला मुलाला घेऊन जाणाऱ्या त्या बायकांना पहिल्या भेटीत डॉक्टरने काय सांगायला हवे होते, हे नेमके माहीत असते. या तासांना क्रेडिट मिळाले पाहिजे.